जंजिऱ्यावर भेटलेला परंडा

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हटलं की आम्हाला विहीर आठवते, नाहीतर टँकर. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मुरूडला गेलो, तेव्हा पहिला दिवस नुसता वाळूत बसून लाटा बघण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला निघालो.

होडीत शेजारच्या गृहस्थांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "मराठी छान बोलता हो! पण मूळचे कुठले?"

"धाराशिवचाच," मी म्हणालो. त्यांचं काही समाधान झालेलं दिसलं नाही. तेवढ्यात किल्ल्याचा दरवाजा समोर आला आणि बोलणं तिथंच राहिलं.

'जंजिरा' हा शब्द मूळ अरबी 'जझिरा', म्हणजे बेट. मराठी जिभेवर तो इतका रुळला, की आज त्याला कुणी मूळ गाव विचारत नाही. निजामशाहीच्या काळात हा किल्ला हबशी सरदारांच्या, म्हणजे सिद्दींच्या हाती आला. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. तटावरून पद्मदुर्ग दिसतो. याच सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो उभारला.

मला मात्र तिथं आठवला आमचा परंडा. १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार बघत, समुद्र ओलांडून तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा पेशवाही हबशीच. तो मुलगा म्हणजे पुढचा मलिक अंबर. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली असं वाटत असताना अंबरनं दुसऱ्या मुर्तजाला परंड्यात गादीवर बसवलं. समुद्र न पाहिलेलं आमचं गाव काही काळ राजधानी झालं! पुढं १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध शहाजीराजे याच अंबरच्या बाजूनं लढले. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्या मातीसाठी लढला, तिच्यातच तो मिसळला.

म्हणजे एक हबशी शिवरायांच्या वडिलांच्या बाजूचा, तर दुसरे शिवरायांचे वैरी. नुसत्या मूळ गावावरून माणसाचा हिशेब लागत नाही, तो असा.

परतताना तेच गृहस्थ पुन्हा शेजारी आले. मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परंडा पाहायलाच हवा एकदा."

"या की," मी म्हणालो. "घर आपलंच आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)