जुलाब-उलट्यांत बाळाला आकडी आली तर काय कराल? ती मिरगीच असते असं नाही

लहान बाळाला जुलाब-उलट्या सुरू असताना अचानक आकडी आली की घरच्यांचा धीर सुटतो. कांदा हुंगवणे, दातात चमचा घालणे असे प्रकार सुरू होतात. याचा उपयोग काहीच होत नाही, उलट इजा होते.

ही आकडी कशामुळे येते?
साधारण ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांमध्ये रोटा किंवा नोरो विषाणूच्या जुलाबात, ताप नसतानाही झटके येऊ शकतात. जपानमध्ये डॉ. मोरोओका यांनी १९८२ साली याची नोंद केली. हे झटके बहुतेक वेळा ५ मिनिटांच्या आत थांबतात, पण एक-दोन दिवसांत पुन्हा पुन्हा येतात.

आधी तपासणी
रक्तातली साखर, सोडियम किंवा कॅल्शियम कमी झालं, मेंदूत ताप गेला, तरीही आकडी येते. ओआरएसचं पाकीट कमी पाण्यात कालवलं तर शरीरातलं मीठ वाढतं, नुसतं पाणीच पाजत राहिलं तर ते घटतं. दोन्ही धोक्याचं. म्हणून दवाखान्यात तपासणी हवीच.

औषध कोणतं?
चालू झटका ५ मिनिटांत थांबला नाही तर डॉक्टर मिडाझोलाम किंवा लोराझेपाम देतात. मात्र या प्रकारच्या आकडीत डायझेपाम, फेनोबार्बिटोन देऊनही झटके परत येताना दिसतात. कार्बामाझेपिन कमी मात्रेत, मोजके दिवस दिलं तर चांगला गुण येतो. दुसरं कारण नसेल तर वर्षानुवर्षं मिरगीच्या गोळ्या द्याव्या लागत नाहीत आणि बाळाच्या वाढीवरही सहसा परिणाम होत नाही. कोणतं औषध, किती द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील. घरात पडलेली गोळी देऊ नका.

घरी काय करावं?
- बाळाला कुशीवर झोपवा, कपडे सैल करा.
- झटके किती वेळ टिकले ते घड्याळात बघा. जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना उपयोगी पडतो.
- पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी, औषध, काहीही घालू नका.
- झटका लांबला, परत आला किंवा बाळ सुस्त पडलं तर लगेच १०८ ला फोन करा.
- एरवी जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच कालवा, अंगावरचं दूध चालू ठेवा.

रोटाची लस सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते. डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा.