साखर कारखाने आणि राजकारण : मंगळवेढा तालुका

मंगळवेढा (जि. सोलापूर) हा मुळात ज्वारीचा तालुका. येथील ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात बहामनी राजवटीची कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या संत दामाजीपंतांची कथाही इथलीच. पुढे उजनी धरणाच्या पाण्यावर भीमेच्या बाजूला ऊस वाढला आणि याच संताचे नाव सहकारी साखर कारखान्याला मिळाले. कारखान्याबरोबर राजकारणही आले. हुकूमशहा सुहार्तोंच्या इंडोनेशियात उद्योग आणि सत्ता यांची गाठ वरून, मर्जीतल्या घराण्यांना मिळालेल्या परवान्यांतून बसली. महाराष्ट्रात ती खालून, सभासदाच्या मतातून बसली. त्यामुळे तिला नुसता भ्रष्टाचार म्हणून भागत नाही.

ही गाठ उसाच्या स्वभावातच आहे. तोडलेला ऊस साठवता येत नाही. दिवसागणिक वजन आणि साखरेचा उतारा घटतो. कोणाच्या फडात तोडणी टोळी आधी जाणार, हे कारखाना ठरवतो आणि उशीर झाला की नुकसान शेतकऱ्याचे. दुसरीकडे किमान दर (एफआरपी) केंद्र सरकार ठरवते, गाळप परवाना साखर आयुक्त देतात, दोन कारखान्यांमधले हवाई अंतर सरकारी नियमाने बांधलेले असते आणि सहकारी कारखान्याच्या कर्जाला राज्याची थकहमी लागते. मुंबईत वजन नसलेला चेअरमन कारखाना नीट चालवू शकत नाही, आणि हजारो सभासदांशी रोजचा व्यवहार असलेल्या चेअरमनला निवडणुकीसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यात घालून दिलेल्या घडीत शेतकरी मालक होता. ही मालकीच पुढे मतदारसंघ झाली.

2008 च्या पुनर्रचनेआधी मंगळवेढा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. तो पंढरपूरला जोडला गेला आणि कारखानदारांची लढत थेट विधानसभेत आली. 2009 मध्ये भारत भालके यांनी विजयसिंह मोहिते पाटील यांना हरवले. पंढरपूरच्या विठ्ठल कारखान्याची सूत्रे सांभाळणारे भालके 2020 मध्ये निवर्तले. 2021 च्या पोटनिवडणुकीत दामाजी कारखान्याचे तेव्हाचे चेअरमन समाधान आवताडे यांनी भालके यांचे पुत्र भगीरथ यांचा 3,733 मतांनी पराभव केला. पुढच्याच वर्षी दोघांनाही आपापल्या कारखान्यात हार पत्करावी लागली : विठ्ठलवर अभिजित पाटील यांचे पॅनेल आले, दामाजीवर आमदार आवताडे यांचे पॅनेल पडले. विधानसभेत निवडून दिलेल्या माणसाला पुढच्याच वर्षी कारखान्यातून उतरवणारा सभासद आंधळा नाही. आमदारकी आणि उसाचे बिल यांचा हिशेब तो वेगवेगळा मांडतो.

यावर आक्षेप असा, की खासगी कारखाने आले की ही गुंतागुंत आपोआप सुटेल. तालुक्यात कचरेवाडी, लवंगी, नंदूर येथे खासगी कारखाने उभे राहिले आणि शेतकऱ्याला पर्याय मिळाला, हे खरे. ऊस कमी असतो तेव्हा कारखाने त्याच्या बांधावर येतात. पण ऊस उदंड झाला की तो पुन्हा तोडीच्या यादीत रांगेला उभा राहतो. शिवाय राजकारण हटले असेही नाही. 2024 मध्ये या मतदारसंघात आवताडे व भगीरथ भालके यांच्यासमोर तिसरे प्रमुख उमेदवार अनिल सावंत होते, लवंगीच्या खासगी कारखान्याशी संबंधित. नंदूरचा कारखानाही आवताडे कुटुंबाकडे आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कर्जे थकवली, बिले लांबवली, नातलग पोसले ते सहकारी कारखान्यांनीच. ते नाकारण्यात अर्थ नाही. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ 2011 मध्ये बरखास्त झाले, त्यामागे याच कर्जांचा भार होता. तरीही सहकारात चेअरमनला खाली खेचण्याची वाट सभासदाच्या हाती होती, ती त्याने 2022 मध्ये वापरली. खासगी कारखान्याच्या दारात तो फक्त ऊस पुरवठादार असतो. 14 दिवसांत बिल आले नाही तर कायद्याने 15 टक्के व्याज मागता येते. मात्र ज्याच्याकडे तक्रार करायची त्या सरकारच्या सभागृहात कारखानदारच आमदार म्हणून बसलेला असू शकतो.