छतावरील सौर जोडणी : व्हाइटफील्डमधील ग्राहकांसाठी कागदपत्रांची तयारी

पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत अर्ज करण्यापूर्वी बेस्कॉमचे ताजे वीजबिल काढून ठेवा. त्यावरील खाते क्रमांक अर्जात भरावा लागतो. बिलावर अजून बिल्डरचे किंवा दिवंगत वडिलांचे नाव असेल, तर आधी बेस्कॉमकडे नावबदल करून घ्या. वीजजोडणी अर्जदाराच्याच नावावर हवी. आधार, बँक पासबुक व बिल यांवरील नाव जुळते का, ते तपासा. घराच्या मालकीसाठी ई-खाता जवळ ठेवा. गच्ची सामाईक असल्यास सोसायटीची लेखी परवानगी घ्या. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करा. नेट मीटर बसून तपासणी पूर्ण झाल्यावर बँक तपशील भरा. अनुदान थेट खात्यात जमा होते : २ किलोवॅटला ६०,००० रुपये, ३ किलोवॅट व त्यापुढे कमाल ७८,००० रुपये.