रँग्लर आजोबा आणि आठ वर्षांची लेखिका

पुण्यात नुसतं 'रँग्लर' म्हटलं तरी नाव येतं ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचंच. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. एवढं प्रत्येक पुणेकराला पाठ असतं (नसलं तरी तो तसं दाखवतो!).

मला मात्र या घरातली दुसरीच नोंद जास्त आवडते. त्यांची मुलगी शकुंतलाबाई. केंब्रिजला गणितच शिकल्या, 'कुंकू'मध्ये (१९३७) काम केलं, संततिनियमनाच्या प्रचारासाठी झटल्या. एकेक भन्नाट प्रकरण आहे हे घर म्हणजे! त्यांची लेक सई, जन्म १९३८. आई-वडील वेगळे झालेले, त्यामुळे ती आई आणि आजोबांकडेच वाढली. १९४४ ते ४७ आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा नातही तिकडे.

आणि ही पोर आठ वर्षांची असताना तिच्या परीकथांचं चक्क पुस्तक छापून आलं, 'मुलांचा मेवा'. तेव्हा छापणं म्हणजे खिळे जुळवणं, त्यात युद्धामुळे कागदाची टंचाई. तरी "मोठी झालीस की बघू" म्हणून कुणी गोष्टी बाजूला ठेवल्या नाहीत. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' हे सगळं फार नंतरचं. तेव्हा समोर होती ती फक्त एक बडबडी नात.

आमच्या लेकीच्या गोष्टी माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड होऊन पडल्यात. आज दोन टाईप करून झाल्या. तिसरीत राक्षसाचं नाव काय होतं, ते तिलाच विचारायला लागेल.