तीन आकड्यांचे टायर

साल २००२, मे महिना. खिशातला फोन काढू नका, रस्ता सांगणारा नकाशा त्यात अजून आलेला नाही. तुम्ही इतके खाली बसला आहात की शेजारच्या रिक्षाचं चाक तुमच्या कोपराशी फिरतंय. गाडी सॅन स्टॉर्म: गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची, दोनच सीटची. मानपाडा नाक्यावर पोरं धावत येऊन विचारतात, "काका, इम्पोर्टेड आहे का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. हो म्हणून टाका.

कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचं आवार लागतं. प्यूजो ३०९ इथंच जुळवली जायची. त्याला थोडीच वर्षं झाली, पण आता इथं कुणी नव्या गाडीची वाट बघत नाही. पुढे मुंब्रा. बायपास झालेला नाही, त्यामुळे ट्रक, टँकर, हातगाड्या आणि तुमची स्पोर्ट्‌स कार एकाच रांगेत. दुसऱ्या गिअरच्या वर काम नाही.

अशा रस्त्यावर चाक बॅलन्स करून कुणाचं भलं होणार? आजवर कुणाचं झालंही नाही. नाक्यावरचा पंक्चरवाला टॉमी आणि हातोड्याने टायर चढवायचा, चाक हाताने गरकन फिरवून "एकदम सीधा" म्हणायचा, आणि प्रीमियरची पद्मिनी त्यावर वर्षानुवर्षं सुखाने चालायची. ताशी चाळीसला चाक आपले दोष पोटात घालतं. पण यंदा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झालाय, आणि परवा त्यावर तुमचं स्टिअरिंग थरथरलं.

म्हणून आज नवे टायर चढवायला ठाण्याला आलात. तीन हात नाक्याजवळच्या टायरच्या दुकानात पोऱ्या गाडीभोवती एक फेरी मारतो. "साहेब, फायबर आहे. जॅक कुठं लावू?" प्रश्न अगदी योग्य. त्याला खालची चासी दाखवा, नाहीतर कडकन आवाज येईल.

जुना टायर उतरला की त्याच्या बाजूवरचा शिक्का वाचा: ४५८. पंचेचाळिसावा आठवडा, साल अठ्ठ्याण्णव. तेव्हा सालाला एकच आकडा पुरायचा, मग हा आठ अठ्ठ्याऐंशीचा की अठ्ठ्याण्णवचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नव्यावर ०८०२ आहे. २००० पासून चार आकडे आले. दुकानदार काहीही सांगो, टायरचं वय तुम्हीच वाचून घ्या.

पोऱ्या रिमची कड तारेच्या ब्रशने घासतो, टायरच्या कडेला साबणाचं पाणी फासतो आणि मशीनवर चाक फिरवत टायर आत सरकवतो. टायरवरचा पिवळा ठिपका तो व्हॉल्व्हसमोर आणतो. ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, व्हॉल्व्हपाशी रिम जरा जड, तेवढंच वजन एकमेकांत फिटतं. हवा भरताना दोनदा फाट्‌ असा आवाज होतो. दचकू नका, दोन्ही कडा जागेवर बसल्या.

आता बॅलन्सिंग. चाक दांड्यावर घट्ट बसवून फिरवलं की पडद्यावर आकडे येतात, आतल्या बाजूचा वेगळा, बाहेरचा वेगळा. बाहेर २०. वीस ग्रॅम! तुम्हाला हसू येतं. हिशेब करा: एवढ्या छोट्या चाकाच्या रिमवर वीस ग्रॅम जास्त असले, तर ताशी शंभरला ते साधारण साडेतीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ती ओढ सेकंदाला सोळा वेळा दिशा फिरवते. चाळीसला तोच जोर अर्ध्या-पाऊण किलोवर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पंक्चरवाला खोटं बोलत नव्हता, त्याच्या वेगाला चाक खरंच सीधं होतं.

शिशाचा तुकडा ठोकला, पुन्हा फिरवलं. शून्य, शून्य.

नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले जातायत ना, तेवढं बघा. दुकानदार वर अलाइनमेंटही गळ्यात मारू पाहील. गाडी एका बाजूला ओढत असेल तरच करा, थरथरीचा त्याच्याशी संबंध नाही.

मग ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली गाठा आणि एक्स्प्रेसवेला लागा. साठ, सत्तर, ऐंशी. स्टिअरिंग गप्प आहे. पण खरी परीक्षा ऐंशीच्या पुढे सुरू होते, आणि इथली वेगमर्यादा ऐंशीच आहे. पुढच्या वळणावर पोलिसांची जीप उभी दिसते. पाय उचला.