तुषारातून तराजूकडे

मूर्तिजापूरच्या शिवारात कपाशीवर फवारणी चाललेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. पिकात त्या औषधाचा किती अंश उरला, हे सांगणारे शास्त्रही एका तुषारावरच उभे आहे. त्याचा इतिहास आज पाहू.

रेणूचे वजन करावयाचे, तर तो विद्युद्भार घेऊन निर्वात पोकळीत सुटा उडाला पाहिजे. कापूर सहज उडतो. साखर तापविली तर करपते. प्रथिनांचे आणि कित्येक क्षारांचेही तसेच.

1882 साली लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखविले की, थेंबावर मावणाऱ्या विद्युद्भाराला मर्यादा असते. ती ओलांडली की थेंब फुटतो. 1914 साली जॉन झेलेनी यांनी विद्युद्भारित नळीच्या टोकाशी द्रव कसा वागतो, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 1968 साली माल्कम डोल यांनी याच वाटेने मोठे रेणू उडवून पाहिले. पण यश अपुरे राहिले. ते पुरते लाभले अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जॉन फेन यांना. 1988 साली त्यांनी प्रथिनांचे वजन करून दाखविले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते! 2002 साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

युक्ती अशी: बारीक सुईतून द्रावण सोडावयाचे आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब द्यावयाचा. भारित तुषार उडतो. कोरड्या वायूने थेंब आटतो, भार मात्र तेवढाच राहतो. सजातीय भार एकमेकांस लोटतात, थेंब फुटतो, पुन्हा आटतो, पुन्हा फुटतो. अखेर भार घेतलेला रेणू तेवढा हवेत उरतो.

आता घरची गोष्ट. 2010 साली युरोपात गेलेल्या महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढनियंत्रक मर्यादेबाहेर आढळले. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टनांत 1 ग्रॅम! हा क्षार तापवून उडत नाही. तो या तुषारानेच पकडला जातो. माल अडकला, बागाईतदार पोळले.

यंत्रे आपल्याकडे नव्हती काय? होती. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ती चालू होती. पण तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते, आणि अशा तपासणीत यंत्र सांगितलेल्या वजनाचाच रेणू शोधते. शंभर वर्षांच्या खटाटोपाने माणसाने तराजू सूक्ष्म केला खरा. त्यात काय घालावयाचे, हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते.