एकास पस्तीस

रणगाड्यांची छोटी मॉडेलं जमवणाऱ्या कुणालाही माप विचारा, बहुतेक वेळा एकच उत्तर येईल: एकास पस्तीस. किट जपानचं असो, चीनचं असो की युक्रेनचं. पण हा आकडा ना इंचात नीट बसतो ना मीटरमध्ये. 1:72 चं गणित कळतं. त्या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 1930च्या दशकात इंग्लंडमधल्या स्कायबर्ड्सच्या लाकडी विमानांपासून ते रुळलं. 1:76 आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून. मग हे पस्तीस कुठलं?

ते आलं सेलमधून. जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी 1946 साली लाकूड कापायची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढे लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिक. 1961 साली शुनसाकु तामिया यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला तेव्हा तो जमिनीवर धावायला हवा होता. म्हणून पोटात मोटर, गिअर आणि दोन जाड सेल मावतील एवढा आकार धरला. मोजून पाहिलं तर तो खऱ्या पँथरच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. पँथर निवडण्यातही साच्याचा विचार होता: सपाट, उतरते पत्रे, गोलाई कमी. किट खपलं, पुढची त्याच मापात निघाली, त्यांच्या जोडीला सैनिक आणि जीप आल्या, आणि इतर कंपन्यांनाही त्याच रांगेत उभं राहावं लागलं.

मला हा जन्म अस्सल वाटतो. आमच्या रावेतहून रोज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसाला तो लगेच पटेल. आत काय बसवायचं ते आधी ठरतं, बाहेरचं अंग त्यावर बेततात.

जुनं आणि नवं किट शेजारी ठेवलं की आधी दोन्ही उलटी करावीत. जुन्याच्या तळाला स्विचचं भोक आणि मोटरसाठी सोडलेल्या खाचा सापडतात. पट्ट्यांच्या वरची बाजू खालून उघडीच असते. काही जुन्या रणगाड्यांची रुंदीसुद्धा मोटरसाठी फुगवलेली आहे. मग तोफेची नळी पाहावी. दोन फाळ्यांच्या साध्या साच्यात ती उभी चिरून दोन तुकड्यांत यायची. चिकटवा, सांधा घासा, तोंड स्वतः कोरा. आता साच्यात बाजूने सरकणारी स्लाइड असते, त्यामुळे नळी अखंड येते आणि तोंड पोकळ. रणगाडा तोच, पण मधल्या वर्षांत टूलरूम किती पुढे गेली ते त्या एका नळीत दिसतं. मी जुनं किट टाकून देत नाही ते यासाठीच.

नळीचं माप आपल्या विजयंतावर ताडून पाहण्यासारखं आहे. 1965 पासून आवडी इथल्या कारखान्यात बनू लागलेल्या या रणगाड्याची तोफ 105 मिलिमीटरची. भागिले पस्तीस, बरोबर 3. नळीचं तोंड कोरायला 3 मिलिमीटरचं साधं ड्रिल पुरतं. अर्जुनची 120 मिलिमीटरची तोफ मात्र 3.43 वर जाते. ही तोफ घडली आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेत.

तामियांनी अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीनला जाऊन खरे रणगाडे पाहिले, फोटो काढले, त्यावरून साचे सुधारले. आपल्याला त्यासाठी अहिल्यानगरपर्यंतच जायचं आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 साली जनरल बी. सी. जोशी यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. पूना हॉर्स रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर 1965 साली आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 1971 साली ज्या सेंच्युरियन प्रकारच्या रणगाड्यांवरून लढले, तो प्रकारही तिथे जवळून पाहता येतो. तामियाचं जुनं सेंच्युरियन किट 1:25 मध्ये होतं. तैवानच्या एएफव्ही क्लबने हा रणगाडा पुढे 1:35 मध्ये आणला. संग्रहालयात जाल तेव्हा टेप न्यावी, परवानगी विचारावी आणि चाकांच्या रबराची जाडी, वेल्डिंगच्या जोडावरच्या उंचवट्यांची रुंदी टिपून आणावी. किटं बहुधा इथेच चुकतात, आणि हे खोक्यावरच्या चित्रात दिसत नाही.